गाळलेलं चौथं प्रकरण

माझी भाषा वाचायला मला एका तमिळ माणसानं शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझी जीभ अडखळणार आहे. निदान एवढं तरी स्वच्छ सांगितल्याचं समाधान असू दे.

तंजावरात राजवाड्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये आम्हा मराठी बोलणाऱ्यांची घरं अजून आहेत. पुण्याहून कुणी पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून आधी त्याचे डोळे मोठे होतात, मग तो कौतुकानं हसतो आणि दोन मिनिटांत इंग्रजीवर येतो. येईना का. आम्हाला त्याची सवय आहे. पण वाचायचं म्हटलं की आमची दातखीळ बसते. शाळा तमिळ नाही तर इंग्रजी, मग देवनागरी शिकवणार कोण? तिशी उलटेपर्यंत घरातल्या पोथ्या म्हणजे माझ्या लेखी लाल फडक्यातल्या वस्तू होत्या. वर्षातून एकदा त्या उन्हात ठेवायच्या, हळदकुंकू वाहायचं आणि परत बांधायच्या.

हा माणूस म्हणजे सार, विद्यापीठात इतिहास शिकवायचे. ‘सर’चं तमिळ तोंडात ‘सार’ होतं; सगळे विद्यार्थी त्यांना तसंच म्हणायचे म्हणून मीही तेच म्हणू लागले. तरुणपणी त्यांनी हट्टानं मोडी लिपी शिकून घेतली होती, कारण जुन्या छत्रांचे कागद त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे नव्हते. छत्र म्हणजे वाटसरूंना जेवू घालणारी, थारा देणारी धर्मशाळा. ओरत्तनाडूपासून पार समुद्रापर्यंतच्या वाटांवर इथल्या मराठा राजांची अशी छत्रं होती आणि त्यांचा कारभार मराठीत, मोडी अक्षरात चाले. सारांची मराठी त्या कागदांतूनच आलेली. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, “आपले येणे कोणीकडून जाहले?” मला हसू आवरेना. मग त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि पहिली ओळ वाचा म्हणाले. माझं हसू तिथेच आटपलं.

“अम्मा, भाषा आपली आणि वाचतो मी,” ते म्हणाले. “लाज कोणी वाटून घ्यावी?”

मी त्या वेळी एका खाजगी कॉलेजात शिकवत होते. पीएचडी नसेल तर पुढे ठेवता येणार नाही, असं प्राचार्यांनी आधी गोड शब्दांत सांगितलं होतं, नंतर पत्र दिलं. मला घरी बसायचं नव्हतं. बाळंतपणानंतर दोन वर्षं मी घरी बसले होते, आणि घरी बसलेली मी काय चीज आहे ते माझ्या नवऱ्यानं चांगलंच पाहिलं होतं. त्यामुळे सारांकडे नाव नोंदवायला तोच मला स्कूटरवरून घेऊन गेला. विषय ठरला छत्रांतला रोजचा कारभार. कोण जेवायचं, कोण वाढायचं, काय शिजायचं, हे सगळं.

सारांना हळू बोलता येत नसे. आल्या प्रत्येक कुलगुरूंशी त्यांचं एकदा तरी वाजलंच. वसतिगृहातल्या पाण्यावरून, आयत्या वेळी रद्द केलेल्या व्याख्यानावरून, एका मुलीच्या तक्रारीची फाइल दाबून ठेवली त्यावरून. बैठकीत ते एकटे उभे राहून बोलायचे आणि बाकीचे प्राध्यापक आपापल्या कॉफीच्या कपात काहीतरी शोधत बसायचे. बैठक संपली की मात्र जिन्यात त्यांचा हात दाबायला रांग. बरं झालं बोललात सार, कुणीतरी बोलायलाच हवं होतं सार. विभागाच्या दाराशी बाकावर बसून मी ती रांग कितीदा तरी पाहिली आहे. काय ही माणसं, असं मनात म्हणायचे आणि मला फार बरं वाटायचं.

त्यांची कामाची पद्धत अशी. कागद दोघांनी वाचायचा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं वहीत देवनागरीत उतरवायचं, मग अदलाबदल. दोघांचं एकमत होईपर्यंत ती ओळ पुरी झाली असं धरायचं नाही. पान संपलं की खाली दोघांच्या सह्या. मला सुरुवातीला याचं हसू यायचं. सही कशाला, मी काय पळून जाणार आहे? पण त्यांचं म्हणणं, मूळ कागद कधी हाती राहील, कधी जाईल, सांगता येत नाही. वाचणाऱ्यानं आपल्या वाचण्याला जामीन राहावं.

तो कागद आम्हाला पापनाशममध्ये मिळाला. तिथल्या एका निवृत्त गृहस्थांचे पूर्वज एका छत्रात कारकून होते. कुठलं छत्र ते मी लिहीत नाही. आता त्याचा दगडही उभा नाही. दप्तराचा एक गठ्ठा त्यांनी देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवला होता. वाचा म्हणाले, पण फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचे, फोटो काढायचा नाही. फोटोनं कागदाचं तेज जातं अशी त्यांची समजूत होती. पाच रविवार आम्ही सकाळच्या बसनं गेलो आणि त्यांच्या ओट्यावर बसून तो गठ्ठा वाचला. ते दर तासाला कॉफी आणायचे आणि आमच्याकडे असे बघायचे जसं काही आम्ही त्यांच्या घरी पूजा सांगायला आलो आहोत.

चौथ्या रविवारी तो हुकूम निघाला. मोठ्यानं मी वाचत होते, सार लिहीत होते. छत्राच्या मुदपाकखान्यासाठी लाकूडफाटा आणि पाणी जवळच्या वस्तीतल्या लोकांनी घरोघरच्या पाळीनं आणावं. ही वेठ आहे, तिचा मोबदला नाही. पंक्ती उठल्यावर मागच्या दारी त्यांना पेज वाढावी. त्यांनी पुढच्या दारी येऊ नये. जो पाळी चुकवील त्याच्या घरी शिपाई बसवावा. एवढाच मजकूर. एका कारकुनाच्या वळणदार, सुबक अक्षरात.

सारांनी चष्मा काढला आणि पुन्हा वाचा म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी वाचलं. मला, खरं सांगते, आनंदच झाला. एकही अक्षर न अडता मी अख्खा हुकूम वाचला होता. त्यातल्या माणसांचा विचार बसमध्ये परत येताना थोडा आला, पण तोही प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणूनच.

आता आमची गंमत ऐका. आमच्या तंजावरच्या मराठी घरांची एक संघटना आहे. वर्षातून एकदा सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. त्या वर्षी माझे मामा, म्हणजे आईचे सख्खे भाऊ, संघटनेचे चिटणीस होते. आपली पोर पूर्वजांचं अक्षर वाचायला शिकली याचा त्यांना कोण अभिमान! जेवणाआधी काहीतरी वाच म्हणाले. मी वहीतून तोच हुकूम मोडीत पुन्हा उतरवून नेला होता, खास लोकांना दाखवायला. व्यासपीठावर उभी राहून मी तो वाचला. आमची रोजची बोली वेगळी आणि दप्तरातली दरबारी मराठी वेगळी. कुणाला अक्षरही कळलं नाही. पण सगळे हात जोडून ऐकत होते. पुढच्या रांगेतल्या एका आत्याबाईंनी डोळे मिटले होते. वाचून झाल्यावर त्यांनी त्या कागदावर मोगऱ्याची फुलं ठेवली. मामांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि माइकवर म्हणाले, “काय गोड भाषा, काय आपले थोरले लोक!” वस्तीतल्या लोकांच्या वेठीवर आम्ही फुलं वाहिली. अर्थ सांगावा असं मला वाटलं होतं, पण तेवढ्यात पानं मांडली गेली आणि माझ्या खांद्यावर शाल आली. शाल चांगली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी सारांनी पापनाशममध्ये एका वाचक मंडळात तोच हुकूम सांगितला. तमिळमध्ये. अन्नदानाला दोन दारं होती, असं ते म्हणाले. पुढच्या दाराचं पुण्य आपण दगडावर कोरून ठेवलं, मागच्या दाराची मेहनत एका कारकुनाच्या कागदात राहिली. आपण वारसा सांगायचा तर दोन्ही दारांचा सांगावा. कुणीतरी त्यातला मिनिटभराचा तुकडा कापून फोनवरून फिरवला. त्यात दोन्ही दारांचा वारसा वगैरे नव्हतं. फक्त सारांचा चढलेला आवाज होता आणि दगडावरचं पुण्य होतं.

तमिळ सगळ्यांनाच कळतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या गल्लीत घरोघरी तो तुकडा वाजत होता. आमच्या लोकांना वाटलं आमच्या पूर्वजांना शिव्या दिल्या. आमच्याशी काडीचं घेणंदेणं नसलेल्या काहींना वाटलं देवाधर्माला शिव्या दिल्या. त्यांनी विद्यापीठाच्या फाटकाशी घोषणा दिल्या. आमचे लोक घोषणा देणारे नव्हेत. त्यांनी सारांवर कारवाई करा असा विद्यापीठाला अर्ज लिहिला.

तो अर्ज घेऊन मामा माझ्या घरी आले. हातात नेहमीप्रमाणे माझ्यासाठी मुरुक्कूची, म्हणजे चकल्यांची, पुडी.

“तुझा सार काय बोलला तें ऐकलीस कां गे?” त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

मी म्हटलं, “मामा, तो तोच कागद. जेवणाच्या दिवशीं मी वाचला तोच. आत्याबाईंनी फुलें ठेविलीं तोच.”

मामांनी पुडी माझ्या हातात दिली. मला वाटलं, आता त्यांना सगळं उमगलं. मग ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “तें वाचणें गे. हें बोलणें.”

मला राग आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही गिळून मी कॉफी आणायला आत गेले. आमच्या संघटनेची रीत अशी की घरामागे एक सही. कुठल्याही अर्जावर, लग्नपत्रिकेवर, शोकसभेच्या ठरावावर घरातल्या कर्त्याची एक सही झाली की घर त्यात आलं. मी कॉफी घेऊन बाहेर आले तेव्हा नवऱ्यानं सही करून पेन मामांना परतही दिलं होतं.

“मला विचारायचं तरी,” मी नंतर म्हटलं.

“घरामागें एक सही, द्यावीच लागती,” तो म्हणाला. “आपल्या एका घराची नसती तर उगाच दिसून आली असती. तुझ्या साराला त्यानें काय होणार?”

सारांना आधी खुलाशाचं पत्र आलं. त्यांनी नऊ पानी खुलासा दिला, त्यात विद्यापीठ कशासाठी असतं यावरच तीन पानं. मग चौकशी होईपर्यंत त्यांना सस्पेंड केल्याचं पत्र आलं. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही, विभागात पाऊल टाकायचं नाही. विभागातल्या त्यांच्या खोलीला दुसरं कुलूप लागलं. जिन्यातल्या रांगेतलं कुणीही त्या दिवशी जिन्यात नव्हतं.

मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात लुंगी गुडघ्यावर बांधून केळीच्या बुंध्याशी पाणी सोडत होते. पापनाशमच्या गृहस्थांनी आता आपल्याकडे असा गठ्ठा कधी नव्हताच असं सांगायला सुरुवात केली होती. ते बिचारे तरी काय करणार, त्यांना त्याच गावात राहायचं होतं. म्हणजे तो हुकूम खरोखर होता हे सांगणारी दोनच माणसं उरली. एक सार, ज्यांच्यावर आळ होता, आणि एक मी. तो कागद सारांनी मनानं रचला असं अर्जात लिहिलेलं होतं.

“सार, मी लेखी निवेदन देते,” मी म्हटलं. त्या क्षणी मी ते मनापासून म्हटलं होतं.

“नको,” ते म्हणाले. “आत्ता निवेदन दिलंत तर आपली पीएचडी हे लोक अडवतील. आधी प्रबंध द्या. चौथं प्रकरण त्यात आहेच. बाहेरचे परीक्षक ते वाचतील, मान्य करतील. आपल्या समाजातली बाई हे वाचते आणि लिहिते, मग मी रचलं म्हणायची कोणाची छाती होईल? त्याहून मोठं निवेदन कोणतं, अम्मा?”

मी हो म्हटलं. घरी येताना मी स्वतःवर खूश होते, हेही लिहून ठेवते.

सारांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना दुसरे गाइड नेमले गेले. माझे नवे गाइड वाईट नव्हते. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. मला भांडता येतं. ते मऊ बोलणारे, मधुमेहाचे, दोन वर्षांत निवृत्त होणारे गृहस्थ होते. प्रबंध वाचून त्यांनी मनापासून स्तुती केली. मग चौथ्या प्रकरणाच्या पानांवर हात ठेवून म्हणाले, “हे एवढं काढा अम्मा. प्रबंध याच्याशिवायही पुरा आहे. पुढे लेख म्हणून छापा, कोण अडवतं? पण हे ठेवून माझी सही मागू नका. मला जमणार नाही.”

मी चार दिवस मागितले. प्रबंध सादर करायची कॉलेजनं दिलेली मुदत महिन्यावर आली होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तुला जें वाटेल तें कर. इतर वेळी हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं घालवली होती! मामांना विचारायचा प्रश्न नव्हता. सारांना विचारायला हवं होतं. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा भाजी घेऊन परत आले. ते काढा म्हणतील याची मला भीती होती, आणि काढू नका म्हणतील याचीही.

पाचव्या दिवशी सकाळी, डबे भरून झाल्यावर, मी संगणकासमोर बसले आणि ते प्रकरण काढलं. तीन वर्षांचं काम निघायला क्षणही लागला नाही. पाचव्याचं आपोआप चौथं झालं, पानांचे आकडे सरकले, अनुक्रमणिका जुळली. कुठे काही कमी झाल्याची खूणसुद्धा उरली नाही. मला वाटलं होतं निदान मशीन तरी एकदा विचारेल, नक्की ना? ऋणनिर्देशात सारांचं नाव मी पहिल्या परिच्छेदातून काढून ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांच्या ओळीत नेऊन ठेवलं. ते तरी ठेवलं, असं म्हणून मी स्वतःला शाबासकी दिली. इतकी मी तेव्हा घसरले होते.

आमच्याकडे पीएचडीची तोंडी परीक्षा उघडी असते. तिची सूचना फलकावर लागते, प्रबंधातल्या प्रकरणांची नावं त्यात छापतात, आणि कुणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावेत असा नियम आहे. येणाऱ्यांच्या सह्या एका कागदावर घेतात आणि विचारलेले प्रश्न, दिलेली उत्तरं लिहून तो अहवाल फाइलला लावतात. एरवी प्रश्न विचारत कुणी नाही. हॉल भरलेला दिसावा म्हणून एमएची मुलं आणून बसवतात, आणि सगळ्यांचं लक्ष मागच्या टेबलावरच्या केसरीकडे, म्हणजे आमच्याकडच्या केशरी शिऱ्याकडे, आणि बोंड्यांकडे असतं.

माझ्या परीक्षेला मामा संघटनेची दहा-बारा माणसं घेऊन आले होते. आपल्या घरची पोर डॉक्टर होणार म्हणून. आत्याबाईही होत्या. जिच्या गाइडविरुद्ध अर्ज केला तिच्याचसाठी हार आणण्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं, आणि मला काही बोलायचं तोंड उरलं नव्हतं.

मी बोलायला उभी राहिले आणि सार आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात सूचनेची घडी केलेली प्रत. फाटकावर त्यांना अडवलं होतं असं नंतर कळलं. त्यांनी सूचनेतली ‘सर्वांना प्रवेश’ ही ओळ रखवालदाराला वाचून दाखवली होती. ते शेवटच्या रांगेत बसले. मामांनी मान दुसरीकडे वळवली. नव्या गाइडनी पाण्याचा ग्लास उचलून परत तसाच ठेवला.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बाहेरच्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग त्यांनी नियमाप्रमाणे हॉलकडे बघून विचारलं, आणखी कुणाला काही?

सार उठले. माझी खात्री होती की ते गरजतील. मनातून मला तेच हवं होतं. त्यांनी गरजावं, गोंधळ व्हावा, आणि मला काहीच बोलावं लागू नये. पण त्या दिवशी ते हळू बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“एवढी पानं रोज उठत होती म्हणता,” ते तमिळमध्ये म्हणाले. “स्वयंपाकाला लाकूड आणि पाणी कोण आणत होतं? त्याबद्दलचा एखादा कागद आपल्या वाचनात आला का?”

सारांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात एखाद्या हुशार मुलीला तिला येत असलेलाच प्रश्न विचारावा तसा त्यांचा चेहरा होता. विषयाच्या कक्षेबाहेरचा प्रश्न आहे असं म्हणता आलं असतं. त्याचा अभ्यास पुढे करणार आहे, असं म्हणता आलं असतं. अशी बरीच उत्तरं मला नंतर सुचली, आजही भांडी घासताना सुचतात.

“नाही सार,” मी म्हटलं. “तसा कागद माझ्या वाचनात आला नाही.”

“बरं. नन्री,” ते म्हणाले. म्हणजे धन्यवाद. ते बसले. माझं अभिनंदन झालं, टाळ्या वाजल्या, मामांनी हार घातला. सह्यांचा कागद फिरत शेवटच्या रांगेत गेला तेव्हा सारांनी सही केली आणि ते निघून गेले. त्यांनी केसरी घेतली नाही, एवढंच माझ्या लक्षात आहे. मी घेतली.

प्रश्न आणि उत्तरं लिहिलेला तो अहवाल फाइलमध्ये गेला आणि फाइलमधून चौकशी समितीपुढे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन महिन्यांनी आदेश निघाला. आरोप असलेल्या प्राध्यापकांच्या स्वतःच्याच विद्यार्थिनीनं, जी ही लिपी वाचते आणि जिनं याच विषयावर संशोधन केलं आहे, असा कोणताही कागद आढळला नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. या वाक्याच्या आधारावर सारांना सक्तीनं निवृत्त केलं. विभागातल्या क्लार्कनं मला आदेशाची प्रत दाखवली. तो मला म्हणाला, “समितीनं पुरावा मागितला तेव्हा सारांनी काहीच दिलं नाही. आश्चर्यच आहे, नाही का?”

मला आश्चर्य वाटलं नाही. सह्यांची ती वही त्यांच्या घरच्या कपाटात होती. त्या पानाखाली माझी सही होती. ती त्यांनी समितीपुढे ठेवली असती तर ते सुटले असते आणि माझी पदवी, माझी नोकरी, माझं नाव, सगळं गेलं असतं. मला त्या वेळी काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या वाटण्याची इतकी किळस आली की दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं.

मी आता कायम झाले आहे. कॉलेजातल्या दारावरच्या पाटीत नावाआधी डॉक्टर आहे. समितीला पत्र लिहावं, सगळं खरं सांगावं, म्हणून मी कितीदा तरी बसले. लिहिलं की पत्राच्या तिसऱ्या ओळीपासून ते माझ्याच बचावाचं होऊ लागतं. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, आता उपयोग नाही, तुम्ही मात्र जाल.

शेवटी गेल्या पोंगलनंतर मी सारांच्या घरी गेले. सांगून टाकायचं, पाया पडायचं, ते काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मला बघून त्या काही न बोलता आत गेल्या आणि परत बाहेर आल्या नाहीत. तंजावरात दारात आलेल्या शत्रूलाही कॉफी विचारतात. मला बरं वाटलं; निदान एका माणसाला तरी माझा राग आला होता.

सार बाहेर आले. वाळले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः आत जाऊन कॉफी करून आणली. साखर विसरले होते. मी प्याले. मग मी, “सार, त्या दिवशी मी,” एवढंच म्हटलं.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“फलकावरच्या सूचनेत ते प्रकरण नव्हतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, या लोकांनी काढायला लावलं असेल, आणि आपण कोणी विचारण्याची वाट पाहत असाल. म्हणून मी विचारलं. सर्वांसमक्ष विचारलं. आपल्याला भिंतीशी उभं केलं, हे मला घरी आल्यावर समजलं. माझ्याकडून अन्याय झाला, अम्मा. क्षमा असावी.”

आमच्याकडे कुणी, माझं चुकलं, म्हणालं की एकच उत्तर असतं. पाय लागला, उशीर झाला, कॉफी सांडली, काहीही असो. लहानपणापासून ते आमच्या तोंडात बसवलेलं असतं आणि आपण बोललो हे कळायच्या आधी ते बोलून झालेलं असतं.

“परवाइल्लै, सार,” मी म्हटलं. त्याचं काही नाही, सार.

ते ऐकून त्यांना खरंच हायसं वाटलेलं मला दिसलं.